पाना हाती घेणाऱ्यांचे लाडके विमान : डकोटा

मे १९४१. चीनमधील सुइफूच्या धावपट्टीवर जपानी बॉम्बहल्ल्यात एका डीसी-३ प्रवासी विमानाचा पंख उद्ध्वस्त झाला. हाँगकाँगच्या कार्यशाळेत सुटा पंख होता, पण तो डीसी-३चा नव्हे. तिच्या थोरल्या बहिणीचा, डीसी-२चा. लांबीला सुमारे ५ फुटांनी कमी.

तंत्रज्ञांनी तोच एका विमानाच्या पोटाखाली बांधून सुइफूला धाडला. बोल्टची भोके जुळली. एक पंख लांब, एक आखूड अशा अवस्थेत ते विमान उडून सुखरूप परतले आणि ‘डीसी-अडीच’ या नावाने अजरामर झाले. (गंमत अशी की, याच विमानाची परवान्याने बांधलेली आवृत्ती खुद्द जपानही वापरत होता.)

हा केवळ योगायोग नव्हता. १७ डिसेंबर १९३५ रोजी कॅलिफोर्नियात प्रथम उडालेल्या या विमानाचा पंख तीन भागांत होता : मधल्या भागावर दोन्ही इंजिने, आणि बाहेरचे दोन भाग बोल्टच्या लांबलचक रांगेने त्याला जोडलेले. बोल्ट काढले की पंख सुटा. सुकाणू व पंखांच्या कडेचे हलते भाग धातूच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे. कापड फाटले तर ठिगळ लावावे, पत्रा फाटला तर नवा तुकडा रिव्हेटने ठोकावा. चाके आत घेतल्यावरही थोडी बाहेर डोकावत. त्यामुळे पोटावर उतरावे लागले तरी नुकसान बेताचेच होई.

इंजिनाची गोष्ट मात्र वेगळी. वर्तुळाकार मांडलेले १४ सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानाचे एकूण ५६ प्लग तपासायचे. शिवाय तेल सतत पाझरायचे. तेल गळत नसेल तर टाकीच रिकामी असणार, हा या इंजिनांबद्दलचा जगभरचा जुना विनोद! काम कष्टाचे व कळकट होते. पण बिघाड डोळ्यांना दिसत असे, कानांना ऐकू येत असे, आणि तो काढणे माणसाच्या हाताच्या आवाक्यात असे. कारागिराला याहून अधिक काय हवे असते?

भारतात या विद्येचे माहेरघर ठरले बंगळूर. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये स्थापलेला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना युद्धकाळात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र बनला. युद्ध संपल्यावर लष्करी डकोटा तेथेच प्रवासी वाहतुकीसाठी सजवल्या गेल्या.

या हातांची खरी परीक्षा लवकरच झाली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या तुकड्या दिल्लीहून श्रीनगरला उतरल्या त्या डकोटांतून. हवाई दलाची विमाने अपुरी पडत होती, म्हणून खासगी कंपन्यांच्या डकोटाही कामाला लावल्या गेल्या. श्रीनगरची धावपट्टी कच्ची होती, दुरुस्तीच्या सोयी जवळजवळ नव्हत्या. परतलेले विमान पुन्हा उडाले नसते, तर खोऱ्यात कुमक पोहोचली नसती. पुढे २४ मे १९४८ रोजी मेहेर सिंग यांनी सुमारे ११ हजार फूट उंचीवरील लेहला डकोटाच उतरवली. वैमानिकांची नावे इतिहासात राहिली. रात्री कंदिलाच्या वा बॅटरीच्या उजेडात प्लग बदलणाऱ्यांची बहुधा राहत नाहीत.

आजचे जेट इंजिन हजारो तास पंखावरून न उतरवता चालते. प्रवाशांसाठी ते निःसंशय अधिक सुरक्षित आहे, आणि डकोटाच्या आठवणीत रमताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिच्या अपघातांची यादीही छोटी नाही.

तरीही २०१८ मध्ये, ब्रिटनमध्ये डागडुजी केलेली ‘परशुराम’ ही डकोटा स्वतःच्या पंखांवर उडत भारतात आली आणि हवाई दलात दाखल झाली. अशा विमानाचे इंजिन बराच वेळ उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल साचते. म्हणून सुरू करण्यापूर्वी प्रोपेलरचे एकेक पाते आजही हाताने ओढून फिरवतात.