शिवकालीन रहस्यकथन : ‘मोचनगड’ ते ‘उषःकाल’

मराठी ऐतिहासिक कादंबरी जन्मली तीच रहस्याचे बोट धरून. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने (१८६१) वाचकांना अद्‌भुताची गोडी लावली होती. त्याच वाचकांपुढे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ आली. गुंजीकर (१८४३–१९०१) हे गोव्याच्या सीमेजवळील, खानापूर तालुक्यातील जांबोटीचे. ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः आलेली ही कथा १८७१ मध्ये पुस्तकरूप झाली. गड काल्पनिक, काळ मात्र शिवाजी महाराजांच्या उदयाचा. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी ‘उषःकाल’मध्ये (१८९५–९७) या तंत्राला उंची दिली. स्वतःच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ते ती प्रकरणशः छापीत. रानातील मारुतीचे देऊळ, तेथील गोसावी आणि भुयार यांभोवती त्यांनी स्वराज्यस्थापनेच्या गुप्त हालचाली गुंफल्या. पुढच्या अंकाची ओढ टिकविण्याची निकड आणि कटाची गुप्तता येथे परस्परपूरक ठरली.

या मांडणीमागे त्या काळातील एक वैचारिक वादही होता. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाचे श्रेय संतांच्या धर्मजागृतीला दिले. राजवाडे यांनी रामदासांच्या ‘महाराष्ट्र धर्मा’वर भर दिला. देऊळ हेच राजकारणाचे गुप्त केंद्र, ही कल्पना अशा वातावरणात वाचकांना सहज पटली.

इतिहासाचा पुरावा मात्र इतका सरळ नाही. समर्थ रामदासांनी (१६०८–१६८२) चाफळ येथे राममंदिर उभारले ते १६४८ च्या सुमारास. त्यांची व महाराजांची भेट १६४९ मध्ये झाली, असे एक मत; पहिली भेट १६७२ ची, असे दुसरे. दुसरे मत ग्राह्य धरल्यास स्वराज्याच्या आरंभीच्या घडामोडींत समर्थांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन संभवत नाही.

कादंबरीकाराला हा प्रश्न सोडविण्याचे बंधन नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या कथेतील चित्र हळूहळू इतिहास म्हणून स्मरणात रुजते. म्हणूनच या कादंबऱ्या शिवकालाइतक्याच, किंबहुना अधिक, एकोणिसाव्या शतकातील पारतंत्र्यात जगणाऱ्या मराठी मनाची साक्ष देतात.