डीफ्रॅगमेंटेशन व सिम्युलेशन खेळांचा वेग

हार्ड डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फायली सलग जागी आणण्याच्या प्रक्रियेला डीफ्रॅगमेंटेशन, बोलण्यात ‘डीफ्रॅग’, म्हणतात. विमान, रेल्वे, शहर यांचे अनुकरण करणाऱ्या संगणकीय खेळांचा वेग त्यामुळे वाढतो, अशी समजूत १९९० च्या दशकापासून रूढ आहे. ती अंशतः खरी आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर खेळ उघडण्यास लागणारा वेळ आणि खेळताना येणारे अडखळणे कमी होऊ शकते. फ्रेम रेटची सरासरी मात्र सहसा तीच राहते, कारण ती प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डावर ठरते. सॉलिड स्टेट ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवर, फायदा जवळजवळ शून्य असतो.

कार्यतत्त्व

विंडोजची एनटीएफएस रचना डिस्कची विभागणी बहुधा ४ किलोबाइटच्या क्लस्टरमध्ये करते. नवी फाइल मोकळ्या क्लस्टरमध्ये लिहिली जाते व पुरेशी मोठी सलग जागा नसल्यास तिचे तुकडे होतात. खेळ, त्यांचे पॅच आणि ॲड-ऑन वारंवार घालण्या-काढण्याने मोकळ्या जागेचेही तुकडे होत जातात.

प्रत्येक तुकड्यासाठी वाचनशीर्षाला हलावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा असतो. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकण्याचे सुमारे ९ मिलिसेकंद धरता एका शोधास १३ मिलिसेकंद होतात. लॅपटॉपमधील ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर हा काळ १७ ते १८ मिलिसेकंदांपर्यंत जातो. सेकंदाला ६० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कवर १०० मेगाबाइटची सलग फाइल १.७ सेकंदांत वाचून होते. तीच एक हजार दूरदूरच्या तुकड्यांत असेल तर नुसत्या शोधाचे १३ सेकंद वाढतात. उलट, तुकडे मोठे असतील तर हा तोटा नगण्य ठरतो. म्हणूनच विंडोज व्हिस्टातील डीफ्रॅग ६४ मेगाबाइटपेक्षा मोठ्या तुकड्यांना एरवी हात लावत नसे.

सिम्युलेशन खेळांचे वेगळेपण

बहुतेक खेळ एक टप्पा सुरू होण्यापूर्वी त्याची सामग्री मेमरीत आणतात. विमान व रेल्वे सिम्युलेटरांत भूभाग फार मोठा असल्याने वाचन खेळ चालू असतानाच सुरू राहते. सेकंदाला ३० फ्रेम या वेगात एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात. पाच शोधांचे ६५ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. चित्र काढणारी प्रक्रिया त्या वाचनासाठी थांबली तर खेळ अडखळतो. ती न थांबता पुढे गेली तर खालची जमीन काही काळ धूसर दिसते. दोन्ही दोष फ्रेम रेटच्या सरासरीत फारसे उतरत नाहीत. ‘डीफ्रॅगने फरक पडला’ आणि ‘आकड्यात काहीच बदलले नाही’ ही दोन्ही विधाने म्हणूनच एकाच वेळी खरी असू शकतात.

फ्लाइट सिम्युलेटर एक्स

मायक्रोसॉफ्टचा हा खेळ ऑक्टोबर २००६ मध्ये आला आणि डीफ्रॅगवरची बरीच तपशीलवार चर्चा त्याच्याभोवती झाली. तो दोन डीव्हीडींवर मिळे व डिस्कवर सुमारे १५ गिगाबाइट जागा घेई. तो ३२-बिटी असल्याने त्याला वापरता येणारी मेमरी मर्यादित होती आणि भूभागाची चित्रे पुनःपुन्हा डिस्कवरून आणावी लागत. जमिनीच्या प्रत्येक प्रकारासाठी ऋतूंनुसार व रात्रीसाठी वेगळ्या चित्रफायली आहेत. त्यामुळे एका फोल्डरात हजारो लहान फायली जमतात.

जमिनीचे एक चित्र १,०२४ × १,०२४ बिंदूंचे असून सुमारे १.२ किलोमीटर बाजूचा चौकोन व्यापते. संकुचित स्वरूपात, त्याच्या लहान आवृत्त्यांसह, ते सुमारे ६८३ किलोबाइट भरते. ६० मेगाबाइट वेगाने ते वाचण्यास ११ मिलिसेकंद लागतात आणि शोधण्यास १३. म्हणजे फाइल पूर्ण सलग असली तरी निम्म्याहून अधिक वेळ शोधातच जातो. येथे खरा प्रश्न तुकड्यांचा कमी आणि एकत्र लागणाऱ्या फायली डिस्कवर एकमेकींपासून किती दूर आहेत याचा अधिक असतो. तुकडे जोडून थांबणारा साधा डीफ्रॅग या खेळाला थोडाच उपयोगी पडे. फायली नावांच्या क्रमाने शेजारी मांडणारा डीफ्रॅग जास्त उपयोगी ठरे, आणि जाणकार हौशी ओ अँड ओ डीफ्रॅगसारख्या प्रणालीतील तीच पद्धत निवडत.

२५० नॉट म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर वेगाचे विमान असा चौकोन सुमारे ९ सेकंदांत ओलांडते आणि दर वेळी समोरची चौकोनांची संपूर्ण रांग नव्याने लागते. कमी उंचीवर वेगाने उडताना धूसर जमीन अधिक जाणवते ती यामुळे. मे २००७ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकने भूभाग आणण्याचे काम प्रोसेसरच्या इतर कोअरवर वाटले. ज्यांच्याकडे एकाहून अधिक कोअर होते त्यांना त्या पॅकचा लाभ डीफ्रॅगपेक्षा ठळक होता.

रेल्वे सिम्युलेटर

२००१ चा मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर सहा मार्गांसह आला. त्यांत भारतीय मार्ग नव्हता. भारतीय रेल्वेप्रेमींनी डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूएपी-४ यांसारखी इंजिने व देशी मार्ग स्वतः तयार केले. अशा प्रत्येक भरीबरोबर अनेक लहान फायली डिस्कवर येतात.

या खेळातील भूभागाचा एकक २,०४८ मीटर बाजूचा चौकोन आहे. त्याच्या उंचीची फाइल १२८ किलोबाइटची असते: दर ८ मीटरला एक बिंदू, असे २५६ × २५६ बिंदू आणि प्रत्येकी दोन बाइट. ती वाचण्यास २ मिलिसेकंद पुरतात, शोधास मात्र १३ लागतात. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेमार्गासारखा मार्ग उभारायचा तर नुसत्या रुळांखाली साडेतीनशेहून अधिक चौकोन लागतील. दोन्ही बाजूंचे डोंगर त्यांहून वेगळे.

तरीही रेल्वे सिम्युलेटरला डिस्कचा ताण कमी जाणवतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीला एक चौकोन ओलांडण्यास ७४ सेकंद लागतात आणि गाडीची दिशा आधीच ठरलेली असते. अडखळणे येते ते मुख्यतः चौकोनांच्या सीमेवर आणि पनवेलसारख्या, अनेक मार्ग व उभ्या गाड्या असलेल्या जंक्शनमध्ये शिरताना. जंक्शनमधला बराचसा भार चित्र काढण्याचा असल्याने तेथे डीफ्रॅगचा लाभ मर्यादित राहतो.

नगररचनेचे खेळ

सिमसिटी ४ (२००३) मध्ये बहुतेक वाचन शहर उघडतानाच होते. हौशींनी घातलेल्या हजारो प्लगइन फायली डॅटपॅकर या साधनाने मोठ्या फायलींत बांधल्या की खेळ लवकर उघडे. डीफ्रॅगने जे साधायचे ते येथे फायलींची संख्या घटवून साधले गेले.





साधनांचा इतिहास

एमएस-डॉस ६ (१९९३) मध्ये सिमँटेककडून घेतलेली डीफ्रॅग आज्ञा होती. विंडोज ९५ ने चित्रमय डीफ्रॅग दिला. विंडोज २००० मधील साधन डिस्ककीपरवर आधारलेले होते. एक्सपीतील साधनाला पूर्ण काम करण्यास डिस्कवर १५ टक्के मोकळी जागा लागे. खेळांनी भरलेल्या ४० किंवा ८० गिगाबाइटच्या डिस्कवर ही अट पाळणे अवघड होते. व्हिस्टाने (२००७) हे काम दर बुधवारी पहाटे एक वाजता आपोआप करण्याची नेमणूक केली.

पनवेल–सुकापूर परिसर

नवीन पनवेललगतचे सुकापूर व भोवतालचा भाग महाराष्ट्राच्या सरकारी वीज वितरण कंपनीच्या, म्हणजे महावितरणच्या, क्षेत्रात येतो. २००५ नंतरची काही वर्षे राज्यात भारनियमनाची होती आणि मोठ्या डिस्कचा डीफ्रॅग काही तास चाले. एनटीएफएसमध्ये आधी क्लस्टरची प्रत नव्या जागी होते, मग नोंद बदलते. त्यामुळे वीज मध्येच गेली तरी फाइल सहसा सुरक्षित राहते. फॅट-३२ मध्ये असे बदल नोंदवणारे जर्नल नसल्याने धोका अधिक असे. यूपीएसविना डीफ्रॅग करू नये, हा सल्ला त्या काळी रास्त होता.

उलवे येथील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेथील टेकडी सपाट करण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. २००६ च्या सिम्युलेटरमधील भूरूप अर्थातच त्यापूर्वीचे आहे. पनवेलच्या आकाशात शिरून या धावपट्टीवर उतरायचे तर सपाटीकरण, धावपट्टी व इमारती यांच्या नव्या फायली घालाव्या लागतात. त्या डिस्कवर मूळ फायलींपासून दूर जाऊन बसतात. फिरत्या डिस्कवर अशा भरीनंतर डीफ्रॅग करणे उपयुक्त ठरते.

एसएसडी

एसएसडीत हलणारे शीर्ष नाही. हवी ती माहिती सुमारे ०.१ मिलिसेकंदात मिळते. शिवाय फाइल प्रत्यक्ष कोठे आहे हे ड्राइव्हमधील नियंत्रक ठरवतो, त्यामुळे विंडोजला दिसणारा सलगपणा चिपवर असेलच असे नाही. डीफ्रॅगने फक्त लेखन वाढते व आयुष्य थोडे घटते. विंडोज ७ (२००९) पासून एसएसडीसाठी, मोकळ्या झालेल्या जागा ड्राइव्हला कळवणारी ट्रिम आज्ञा आली व नेमलेला डीफ्रॅग तेथे बंद ठेवला गेला. रिस्टोर पॉइंटची सोय चालू असल्यास नंतरच्या विंडोज आवृत्त्या एसएसडीवरही अधूनमधून डीफ्रॅग करतात. त्याच्या आवश्यकतेबद्दल मतभेद आहेत. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरला १५० गिगाबाइट जागा लागते आणि भूभागाचा मोठा भाग इंटरनेटवरून येतो. तेथे इंटरनेट जोडणीचा वेग अधिक निर्णायक असतो.

मोजणीतील दोष

डीफ्रॅगच्या बाजूने दिलेले अनेक अनुभव एका चुकीमुळे फुगतात. खेळ दुसऱ्यांदा उघडला की त्याच्या फायली आधीच मेमरीत असतात व तो लवकर उघडतो. श्रेय डीफ्रॅगला जाते. दोन्ही मोजण्यांपूर्वी संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे. दुसरे कारण जागेचे: तबकडीच्या बाहेरच्या कडेला वाचनाचा वेग आतल्या कडेच्या सुमारे दुप्पट असतो. डीफ्रॅग करताना खेळ बाहेर सरकला, तर वाढलेल्या वेगाचे कारण स्थान असते, जोडलेले तुकडे नव्हेत. मोजायचे ते खेळ उघडण्याचा वेळ आणि सर्वांत लांबलेल्या फ्रेमचा काळ. सरासरी फ्रेम रेटवरून या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

उपयोजन

प्रथम ड्राइव्हचा प्रकार पाहावा. एसएसडी असल्यास डीफ्रॅगचा विचार सोडावा. हार्ड डिस्क असल्यास निदान १५ टक्के जागा मोकळी करावी, नको असलेली ॲड-ऑन काढावीत व त्यानंतरच डीफ्रॅग करावा. आधी केल्यास काढलेल्या फायलींची भोके पुन्हा उरतात. जुन्या संगणकावर सिम्युलेटर चालवणाऱ्याला ही बिनखर्चाची सुधारणा अवश्य घ्यावीशी वाटावी. पैसे खर्चायचे असल्यास मात्र डीफ्रॅगची सशुल्क प्रणाली घेण्यापेक्षा खेळ एसएसडीवर हलवणे केव्हाही अधिक फलदायी आहे.