गोडवा टिकवण्याच्या दोन रीती

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवतात. शेवटी बेदाण्यात जेमतेम १५ टक्के पाणी उरते. एवढ्या कमी पाण्यात यीस्ट वाढत नाही, म्हणून साखर टिकते.

पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या खोऱ्यात हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. काळ्या द्राक्षांचा रस आंबू लागला की यीस्ट साखरेपासून मद्यार्क बनवते. जवळजवळ निम्मी साखर शिल्लक असतानाच या रसात ७७ टक्के मद्यार्काची ब्रँडी ओततात. मिश्रणातील मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो, यीस्ट मरते आणि उरलेली साखर तशीच राहते. हीच पोर्ट वाइन.

इ. स. १७०३ च्या तहानुसार इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांश कमी जकात बसली. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. फिक्या वाइनला रंग यावा म्हणून तीत एल्डरबेरी या फळांचा रस मिसळत. १७५६ मध्ये मंत्री पोंबाल यांनी खोऱ्याची हद्द आखायला घेतली, दगडी खुणा रोवल्या आणि एल्डरबेरीची झाडे उपटायला लावली. पण व्यापाराची मक्तेदारी एका कंपनीला दिली. त्याविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तो शहरात दंगल उसळली आणि अनेकांना फाशी झाली.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हद्द आखल्याने नाव जपले जाते. त्या नावाचे मोल बागायतदाराच्या पदरी पडते का, हा प्रश्न मात्र वर्गात जरूर विचारावा.