वाळूत पकड वाढत नाही, अडथळा घटतो

वाळूत गाडी घालण्यापूर्वी टायरची हवा कमी करावी, हे जैसलमेरच्या टेकड्यांवरचा जीपचालकही जाणतो. वाद आहे तो कारणाचा. प्रचलित मत असे की, हवा सोडली की टायर रुंद पसरतो आणि जास्त वाळूला टेकल्याने त्याची पकड वाढते. यातूनच पुढचा निष्कर्ष निघतो: रुंद टायर, फोर-व्हील ड्राइव्ह आणि दमदार इंजिन असेल, तर हवा सोडण्याची यातायात कशाला? हे मत मुळातूनच तपासायला हवे, कारण गाड्या रुततात त्या याच समजुतीने.

आधी रुंदीचे पाहू. रेडियल टायरच्या धावेखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. तो रुंदी फारशी वाढू देत नाही; टायर पसरतो तो लांबीत. चाकावर 500 किलो भार आणि टायरमध्ये 35 पीएसआय हवा असेल, तर जमिनीवरचा ठसा ढोबळमानाने 200 चौरस सेंटिमीटर येतो. हवा 15 वर आणली की तो 475 च्या आसपास जातो. धाव 20 सेंटिमीटर रुंद धरली, तर ठशाची लांबी 10 वरून जवळजवळ 24 सेंटिमीटर होते. टायरच्या बाजूंचा ताठरपणा काही भार उचलतो, म्हणून प्रत्यक्षातली वाढ याहून कमी; पण दिशा हीच. उलट, हवा तेवढीच ठेवून नुसता रुंद टायर बसवला, तर ठसा रुंद होतो तसाच आखूडही होतो. क्षेत्रफळ जवळपास तेच राहते.

आता पकडीचे. जमिनीवरील वाहनगतीचे शास्त्र उभारणारे आणि पुढे चांद्रगाडीवर काम केलेले अभियंते एम. जी. बेकर यांनी जमिनीकडून मिळणाऱ्या पकडीचे दोन भाग धरले. मातीच्या चिकटपणाचा भाग ठशाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो, घर्षणाचा भाग वजनाबरोबर. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ शून्य. म्हणजे ठसा दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. मग हवा सोडून मिळते काय? चाक कमी रुतते. रुतलेले चाक सतत स्वतःपुढे वाळूचा ढीग लोटत असते आणि इंजिनाची ताकद त्यातच जिरते. लांब, अरुंद ठसा हा अडथळा घटवतो. लाभ आहे तो इथे.

इतिहासाची साक्षही हीच आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड यांनी 1930 मध्ये इजिप्तच्या महावाळूसागरात फोर्डच्या मॉडेल ए गाड्या नेल्या. या गाड्यांचे इंजिन 40 अश्वशक्तीचे आणि इंजिनाने फिरणारी चाके दोनच. 1940 मध्ये बॅगनॉल्ड यांनीच उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या लष्करी तुकडीचे शेव्हरोले ट्रकही टू-व्हील ड्राइव्हच होते. कमी हवा, रुतल्यावर चाकाखाली सरकवायच्या पोलादी पन्हळी आणि वाळू ओळखणारी नजर, यांवर त्यांनी लिबियाचे वाळवंट पालथे घातले. याउलट 1942 च्या अमेरिकी ‘डक’ या उभयचर ट्रकची सहाही चाके चालती होती. तरी पुळणीसाठी, चालकाला बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करता येईल अशी सोय त्यात करावीच लागली.

कमी हवेने टायर खराब होतो, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. मऊ टायर वेगात फार वाकतो, तापतो आणि फाटू शकतो. जोरात वळवले तर रिमवरून निसटतो. म्हणून वाळूत वेग आवरावा, वळण मोठे घ्यावे आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी कॉम्प्रेसरने हवा पूर्ववत भरावी.

सिद्धान्त मान्य केला की आचरणही बदलते. हवा रुतल्यावर नव्हे, वाळूत शिरण्याआधी सोडायची. गाडी मंदावली तर ॲक्सिलरेटर दाबून धरायचा नाही. गरगरणारे चाक स्वतःखालचीच वाळू उपसते. थांबावे, चाकांभोवतीची वाळू फावड्याने ओढून काढावी, आणखी दोन-तीन पीएसआय हवा सोडावी आणि आल्या चाकोरीतून हळू मागे यावे. पकडीच्या भरवशावर चालणारा इंजिनाकडून ताकद मागतो. अडथळा ओळखणाऱ्याला तेवढ्या ताकदीची गरजच पडत नाही.