तिसरा पेला

कॉफी मूळची कुठली, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजण अरबस्तानाचे नाव घेतील. पण हे झाड इथिओपियाचे. मलिक अंबर जिथून दख्खनेत आला, तो आपला जुना हबसाण. तिथे कॉफीला ‘बुन्ना’ म्हणतात आणि ती घाईघाईने कुणी पीत नाही.

जमिनीवर ताजे गवत अंथरलेले असते, धूप दरवळत असतो. घरची स्त्री हिरवे दाणे धुऊन निखाऱ्यांवर भाजते आणि त्यांचा खमंग धूर पाहुण्यांपुढे फिरवते. मग ते कुटून, ‘जबना’ नावाच्या मातीच्या सुरईत उकळून, बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यांत उंचावरून धार धरते. त्याच पुडीवर पुन्हा पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. पहिली ‘अबोल’, नाव असे असले, तरी गप्पांना रंग चढतो तो इथूनच! दुसरी ‘तोना’, तिसरी ‘बरका’. तिसऱ्या पेल्याआधी उठणे शिष्टाचाराला सोडून समजतात.

हे ऐकून वाटते, हा विधी तिथल्या घरोघरी युगानुयुगे चालत आला असावा. इतिहास मात्र निराळेच सांगतो. डोंगराळ मुलखातल्या ख्रिस्ती धर्मगुरूंना कॉफी हे मुसलमानांचे पेय म्हणून वर्ज्य वाटे. कोण काय पितो, यावरून त्याचा धर्म ओळखावा, अशी ती स्थिती! ही अढी सुटली १८८० नंतरच्या काही वर्षांत. पुढे १८८९ मध्ये सम्राट झालेला मेनेलिक स्वतः कॉफी पिई. आणि १८८१ मध्ये इजिप्तहून आलेले धर्माध्यक्ष अबुना मातेवोस यांनी धर्मगुरूंचा संशय बराचसा दूर केला.

पण मला वाटते, राजाने आणि धर्माध्यक्षाने फार तर दार उघडले. निखाऱ्यांपुढे बसून शेजारणीला हाक मारली ती बायकांनी. त्यांची नावे इतिहासाने टिपलेली नाहीत. सुखदुःख सांगावे, भांडण मिटवावे, नव्या सुनेला आपलेसे करावे, ते याच सुरईभोवती. आज ख्रिस्ती आणि मुसलमान, दोघांच्याही घरी ती चढते.

बरका म्हणजे आशीर्वाद. आपल्या ‘बरकत’चे ते सख्खे भावंड. तिसऱ्या पाण्याची ती कॉफी अगदी फिकी असते. तरीही आशीर्वादाचे नाव त्यांनी दिले ते पहिल्या कडक पेल्याला नव्हे, तर शेवटपर्यंत बसून राहणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या या पेल्याला.