अडकलेला नट : सायकलीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

आज शर्यतीच्या सायकलीचे चाक काढायला अर्धे मिनिट पुरते. खटका उघडला की चाक हाती येते. शंभर वर्षांपूर्वी मात्र याच कामापायी शर्यती हातच्या जात. त्या हट्टी नटाची आणि त्याच्या भावकीची ही कथा. 🧵👇

१९२० च्या दशकात शर्यतीच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नसत. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस दातेरी चक्रे असत : एका बाजूचे सपाटीसाठी, तर दुसऱ्या बाजूचे, अधिक दातांचे, चढासाठी. घाट लागला की स्वाराने उतरायचे, चाकाचे नट सैल करायचे, चाक काढून दुसऱ्या बाजूने बसवायचे, साखळी ताणायची आणि पुन्हा निघायचे. पाना लागू नये म्हणून त्या नटांना पंखांसारखे दोन कान असत. बोटांनी पिळले की ते सुटावेत, ही अपेक्षा.

गिअर बदलण्याची यंत्रणा तोवर अस्तित्वात आली नव्हती, असे मात्र नाही. टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याला ती मान्य नव्हती. त्या शर्यतीत तिला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. दुरुस्तीच्या बाबतीतही त्याचा नियम कठोर होता. ज्याची सायकल, त्यानेच ती नीट करावी.

या नियमाची सर्वांत प्रसिद्ध शिकार म्हणजे युजेन क्रिस्तोफ. १९१३ साली पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपाँ या गावी पोहोचला आणि तेथील लोहाराच्या भट्टीत त्याने स्वतःच्या हातांनी चिमटा जोडला. शर्यतीचे अधिकारी बाजूला उभे राहून पाहत होते. कित्येक तास गेले. तरीही दंड झालाच, कारण एका लहान मुलाने भाता ओढला होता!

अशा काळात न सुटणारा नट ही किरकोळ अडचण नव्हती. इटलीतील विचेन्झा येथील हौशी सायकलपटू तुल्लिओ काम्पान्योलो याची कथा याच संदर्भात सांगितली जाते. १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे द'आउने या घाटावर बर्फ पडत होते, थंडीने बोटे बधिर झाली होती, चाकाचे नट गोठून बसले होते आणि ते सुटेपर्यंत शर्यत पुढे निघून गेली. त्या घाटावर आज त्याचे स्मारक आहे. कथेच्या तारखेविषयी आणि तपशिलांविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. उद्योगांच्या जन्मकथा बहुधा अशाच घोटीव असतात. परंतु १९३० च्या दशकात काम्पान्योलोच्या नावाने जो खटका प्रसिद्ध झाला, तो मात्र निर्विवादपणे खरा.

त्याची रचना पाहा. चाकाचा कणा पोकळ. त्यातून एक बारीक सळई जाते. सळईच्या एका टोकाला नट आणि दुसऱ्या टोकाला मध्यापासून थोडा सरकवलेल्या आसावर फिरणारा दांडा. दांडा अर्धा वळसा फिरवला की सळई ताणली जाते आणि चाक घट्ट आवळले जाते; उलट फिरवला की सुटते. आटे पिळण्याचे कामच टळले.

पायडलींचे कोडे याहून जुने. दोन्ही पायडलींना सारखेच आटे दिले, तर डावी पायडल चालवता चालवता आपोआप सैल होते. विमानामुळे अजरामर झालेले राईट बंधू मुळात डेटनचे सायकल व्यावसायिक. न सुटणाऱ्या पायडलीची जाहिरात त्यांनी १९०० साली केली होती. उपाय होता डाव्या बाजूस उलटे आटे देण्याचा. आजही अनेक जण डावी पायडल सोडवण्याच्या नादात ती अधिकच आवळून बसतात. युक्ती सोपी आहे : पाना वरच्या दिशेस उभा धरावा आणि मागच्या चाकाकडे ढकलावा. दोन्ही पायडली सुटतात.

गंजलेल्या पोलादी नटाला आपल्याकडील सायकल दुकानांत रॉकेल पाजून मुरू देण्याची रीत आहे. तेल सूक्ष्म फटीतून आपोआप आत ओढले जाते. वेळ देणे, हेच त्यातले कसब. विख्यात डब्ल्यूडी-४० हे द्रावण १९५३ चे. त्याचा मूळ हेतू क्षेपणास्त्राच्या धातूपासून पाणी दूर ठेवण्याचा होता. घराघरांत ते नंतर पोहोचले.

पोलादी सांगाड्यात ॲल्युमिनियमचा सीटखांब रुतला, तर प्रकरण निराळे. दोन भिन्न धातू आणि खारट ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याचा पांढरा क्षार फुगून फट बुजवतो. अशा वेळी ज्योत लावण्याचा मोह होतो. परंतु उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते; खांबही तापला तर तो अधिकच आवळला जातो. इथे उपयोगी पडतो बर्फ. खांब थंड करावा, तो आकसतो. मग बैठक धरून डावीउजवीकडे पिळावे. सुटल्यावर दोन्ही पृष्ठभाग घासून, ग्रीस लावूनच खांब पुन्हा आत घालावा.