‘ब्राह्मोस’ : भागीदारीचा पल्ला

शस्त्र विकत घेणे वेगळे आणि दुसऱ्या देशाच्या साथीने ते घडवणे वेगळे. भारत आणि रशिया यांच्या ‘ब्राह्मोस’ या स्वनातीत क्रूझ क्षेपणास्त्रात दुसऱ्या वाटेचे लाभ दिसतात, तशा तिच्या मर्यादाही. १२ फेब्रुवारी १९९८ रोजी उभय देशांत करार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीत भारताचा वाटा ५०.५ टक्के, तर रशियाचा ४९.५ टक्के. ब्रह्मपुत्रा व मॉस्कवा या नद्यांवरून नाव पडले. पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी ओडिशातील चांदीपूर येथे झाली.

ध्वनीच्या सुमारे २.८ पट वेगाने जाणाऱ्या या क्षेपणास्त्राचा पल्ला मात्र २९० किलोमीटरच ठेवण्यात आला. हा काही अभियंत्यांचा तोकडेपणा नव्हे! रशिया ‘क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थे’चा सदस्य होता आणि ३०० किलोमीटर वा अधिक पल्ल्याची क्षेपणास्त्रे गटाबाहेरील देशांना देण्यावर या व्यवस्थेचे कडक निर्बंध आहेत. भारत जून २०१६ मध्ये तिचा सदस्य झाला. मार्च २०१७ मध्ये वाढीव पल्ल्याची चाचणीही झाली. वर्षभराच्या आत पल्ला वाढतो, यावरून अडसर प्रयोगशाळेत नव्हता, हे उघड होते.

निर्यातीलाही दोन्ही भागीदारांची संमती लागते. फिलिपिन्सशी सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार जानेवारी २०२२ मध्ये झाला आणि पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये तेथे पोहोचली. तोवर पहिल्या चाचणीला जवळपास २३ वर्षे लोटली होती.